जिन लेन, १७५१ : एका शिलिंगाच्या चित्राचं प्रकरण

फेब्रुवारी १७५१ च्या मध्याला ‘लंडन ईव्हनिंग पोस्ट’ या वर्तमानपत्रात एक जाहिरात आली. विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकाराने रेखाटलेली आणि कोरलेली दोन मोठी मुद्राचित्रं विक्रीला निघाली होती, ‘बिअर स्ट्रीट’ आणि ‘जिन लेन’. किंमत प्रत्येकी एक शिलिंग. शौकिनांसाठी जरा बऱ्या छपाईच्या काही प्रती दीड शिलिंगाला. मिळण्याचं ठिकाण लेस्टर फील्ड्समधलं ‘गोल्डन हेड’, म्हणजे होगार्थचं राहतं घर आणि तेच दुकान. शेवटी एक टीप होती. तिचा आशय असा, की खालच्या थरातल्या लोकांत माजलेली काही व्यसनं सुधारावीत हा या चित्रांचा हेतू आहे आणि त्यांचा उपयोग दूरवर व्हावा म्हणून ती होता होईल तेवढी स्वस्त काढली आहेत.

आता हिशेब करून पाहू. शिलिंगाचे बारा पेन्स. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला त्या काळी लंडनमध्ये दिवसाला दीड-दोन शिलिंग मिळत, तेही काम लागलं त्या दिवशी. म्हणजे ज्याला सुधारायचं त्याने अर्ध्याअधिक दिवसाची मजुरी मोजून आपल्याच दुर्दशेचं चित्र विकत घ्यायचं. त्याच चित्रात तळघरातल्या गुत्त्याच्या दारावर पाटी कोरली आहे : एका पेनीत झिंग, दोन पेन्सांत बेशुद्ध, झोपायला स्वच्छ पेंढा फुकट. या भावाने एका चित्राच्या पैशांत सहा माणसं बेशुद्ध पडली असती. ज्या वस्तीचं हे चित्र आहे त्या वस्तीतल्या भिंतीवर ते कधी लागलं असेल असं मला वाटत नाही.

मग ते होतं कुणासाठी? हा प्रश्न हातात धरून चित्राकडे गेलं की त्यातल्या कितीतरी गोष्टी नव्याने दिसू लागतात. मी या प्रकरणाकडे त्याच वाटेने जाणार आहे.

दारू स्वस्त कुणी केली

जिन मुळात डच लोकांची, ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा वास दिलेली. १६८९ मध्ये हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला, फ्रान्सशी लढाई जुंपली आणि फ्रेंच ब्रँडीची वाट अडली. १६९० मध्ये पार्लमेंटने धान्यापासून दारू गाळायला उत्तेजन देणारा कायदा केला. लंडनमधल्या दारू गाळणाऱ्यांच्या संघाची मक्तेदारी मोडली आणि कर भरेल त्याला भट्टी लावायची मोकळीक मिळाली. पुढची कित्येक वर्षं पीकपाणी चांगलं होतं. धान्य उदंड, भाव पडलेले. ज्यांच्या जमिनी होत्या तेच पार्लमेंटात बसलेले होते आणि बाजारात न खपणारं हलकं धान्य भट्ट्या उचलत होत्या. हे लक्षात ठेवायला हवं, कारण होगार्थच्या चित्रात यातलं काहीच दिसत नाही.

बिअर विकायची तर न्यायाधीशाकडून परवाना घ्यावा लागे. जिनला बराच काळ तसली अट नव्हती. त्यामुळे ती किराणा-कोळसा विकणाऱ्याच्या दुकानात मिळे, न्हाव्याकडे मिळे, विणकराच्या घरात मिळे आणि बाया ती ढकलगाडीवर घेऊन रस्तोरस्ती फिरत. आज जिन म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं ते इथे आणू नये. ही कच्ची, जहाल दारू होती. पुष्कळदा ज्युनिपरऐवजी टर्पेंटाइनवर भागवलेली. १७४३ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये वर्षाला जवळपास ८० लाख गॅलन दारूवर कर भरला जात होता. चोरून गाळलेली वेगळीच.

या आकड्यामागचं एक माणूस इथे सांगायलाच हवं. फेब्रुवारी १७३४ मध्ये ओल्ड बेली न्यायालयात जुडिथ डिफोर नावाच्या बाईवर खटला चालला. रेशमाच्या धाग्याला पीळ देण्याच्या कामावर ती रात्रपाळी करायची. तिची दोन वर्षांची मुलगी मेरी बेथ्नल ग्रीनच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या जागेत, होती. तिथे पोरीला नवे कपडे मिळाले होते. एका रविवारी जुडिथ तिला थोडा वेळ फिरवून आणते म्हणून घेऊन गेली. परत आणली नाही. सोबत असलेल्या एका बाईच्या संगतीने तिने पोरीचे कपडे उतरवले, गळ्याला फडकं आवळलं आणि तिला खड्ड्यात टाकलं. कोट, परकर आणि मोजे मिळून एक शिलिंग चार पेन्सांना विकले. पैसे दोघींनी वाटून घेतले आणि जिन प्यायल्या. त्यानंतर जुडिथ नेहमीसारखी कामावर गेली. तिच्या स्वतःच्या आईने न्यायालयात सांगितलं, की पोरगी कधी धड शुद्धीत नसे, सदा भटकत असे. मार्चमध्ये जुडिथला फाशी झाली.

एक शिलिंग चार पेन्स. सतरा वर्षांनी निघालेल्या होगार्थच्या चित्राच्या साध्या आणि बऱ्या प्रतीच्या किमतींच्या मधली रक्कम. जिन लेनमध्ये आईच्या हातून निसटणारं पोर पाहताना अनेकांना ही मेरी आठवली आहे. मलाही आठवते.

कायद्यामागून कायदा

१७२९ पासून पार्लमेंटने एकामागून एक कायदे केले. सगळ्यांत कडक १७३६ चा. किरकोळ विक्रीवर गॅलनला २० शिलिंग कर आणि विकायचा परवाना वर्षाला ५० पौंड. म्हणजे मजुराची जवळपास दोन वर्षांची कमाई. परवाने घेतले मोजक्यांनीच, विक्री मात्र थांबली नाही. कायदा लागू व्हायच्या सुमारास लोकांनी ‘मॅडम जिनीव्हा’च्या, म्हणजे जिनच्याच, प्रेतयात्रा काढल्या. दुकानांच्या पाट्यांना काळं कापड गुंडाळलं. चोरून विकणाऱ्याची खबर देणाऱ्याला पाच पौंड बक्षीस होतं. त्यातून खबऱ्यांचा धंदाच उभा राहिला आणि खबऱ्या सापडला की जमाव त्याला तुडवू लागला. काहींचे जीवही गेले. पकडल्या जाणाऱ्यांत मोठा भरणा होता तो ढकलगाडीवाल्या आणि टोपलीवाल्या बायांचा. भट्टीवाले क्वचितच अडकत.

याच दिवसांतला डडली ब्रॅडस्ट्रीट या माणसाचा किस्सा त्याने पुढे आत्मवृत्तात लिहून ठेवला. त्याने कायदा नीट वाचला. घर कुणी भाड्याने घेतलंय ते नाव कळल्याशिवाय खबऱ्याला काही करता येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. मग एका ओळखीच्याकडून गल्लीत घर घेववलं, खिडकीला मांजराची लाकडी पाटी ठोकली, तिच्या पंजाखालून शिशाची नळी बाहेर काढली आणि आतल्या टोकाला नरसाळं बसवलं. गिऱ्हाईक मांजराच्या तोंडात नाणं टाकी आणि हळूच सांगे, मनी, दोन पेन्सांची दे. आतून ब्रॅडस्ट्रीट ओते, बाहेर पंजाखाली कप धरलेला असे. विकणाऱ्याचा चेहरा कुणालाच दिसत नसे. पुढे गल्लीत इतकी गर्दी होऊ लागली, की शेजाऱ्यांना ये-जा करणं कठीण झालं.

१७४३ मध्ये सरकारने तो कायदा गुंडाळला. युरोपात ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काची लढाई चालू होती, तिजोरीला पैसा हवा होता. परवाना स्वस्त केला, कर जमा होऊ लागला. १७४७ मध्ये भट्टीवाल्यांना थेट गिऱ्हाइकाला विकायची सवलतही मिळाली. १७४८ मध्ये तह झाला, हजारो शिपाई आणि खलाशी बिनकामाचे घरी परतले आणि लंडनमध्ये वाटमाऱ्या वाढल्या. बो स्ट्रीटवरचा न्यायाधीश हेन्री फील्डिंग, जो कादंबरीकारही होता आणि होगार्थचा मित्रही, त्याने जानेवारी १७५१ मध्ये दरोड्यांच्या वाढीची कारणं शोधणारी एक पुस्तिका काढली. तिच्यात त्याने लिहिलं, की या राजधानीत लाखाहून जास्त लोकांचं मुख्य पोषण, त्याला पोषण म्हणायचं तर, जिन हेच आहे. पुढच्याच महिन्यात होगार्थची चित्रं आली. दोन्ही गोष्टी एकाच मोहिमेतल्या होत्या आणि मोहिमेचं लक्ष्य होतं पार्लमेंट.

चित्राजवळ जाऊन

मूळ छाप फार मोठी नाही, सुमारे ३६ बाय ३० सेंटिमीटर. तेवढ्यात एक अख्खी गल्ली आहे.

मधोमध पायऱ्यांवर बाई बसली आहे. उघड्या पायांवर व्रण, छाती उघडी, चेहऱ्यावर सैल हसू. ती डबीतून चिमूटभर तपकीर काढते आहे. पोर मांडीवरून सटकून कठड्यापलीकडे डोकं खाली करून पडतं आहे. तिला त्याचा पत्ता नाही. खाली उजव्या कोपऱ्यात एक माणूस, हाडांचा निव्वळ सापळा. हा छापील गाणी विकणारा. टोपलीतल्या कागदावर ‘मॅडम जिनचा अधःपात’ असं गाण्याचं नाव, हातात पेला, शेजारी काळं कुत्रं. सदरा कधीच विकला गेला असावा, कारण उघड्या कोटाखाली नुसत्या बरगड्या दिसतात. डावीकडे एक माणूस आणि एक कुत्रा एकच हाड दोन बाजूंनी चावताहेत. त्याच्याजवळच कुणीतरी झोपलेलं आणि त्याच्या अंगावर एक गोगलगाय. मी कित्येक वर्षं हे चित्र पाहत होतो तरी ती गोगलगाय मला दिसली नव्हती. पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा सापडली आणि अंगावर काटा आला. गोगलगाय चढेपर्यंत माणूस हलला नाही, म्हणजे तो किती वेळ तसा पडून आहे?

उजवीकडे भट्टीवाल्याचं दुकान. त्याचं नाव किलमन, माणूसमारे. दुकानासमोर सेंट जाइल्स पॅरिशचं, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं, चिन्ह दंडावर लावलेल्या दोन अनाथ मुली एकमेकींना पेला देताहेत. एक आई तान्ह्याच्या तोंडात जिन ओतते आहे. ढकलगाडीत बसवलेल्या म्हातारीला कुणी पाजतं आहे. वर माडीच्या खोलीत न्हावी गळफास घेऊन लटकलेला, कारण हजामतीला पैसे आहेत कुणाकडे? मागे एका अर्धनग्न बाईला शवपेटीत ठेवताहेत, पॅरिशचा शिपाई उभा राहून देखरेख करतो आहे आणि पेटीपाशी तिचं पोर रडतं आहे. एक माणूस डोक्यावर भाता धरून नाचतो आहे, त्याच्या हातातल्या सळईवर मूल टोचलेलं. अगदी मागे एक घर कोसळतंय.

हे सगळं वर्णन पुष्कळांनी केलं आहे. माझी नजर थांबते ती डाव्या बाजूच्या गहाणवटीच्या दुकानाशी. दुकानदाराचं नाव एस. ग्राइप, म्हणजे मूठ आवळणारा. त्याच्यासमोर एक सुतार आपली करवत आणि कोट घेऊन उभा आहे, मागे एक बाई स्वयंपाकाची भांडी घेऊन. ग्राइप करवत नीट निरखून पाहतो आहे. अख्ख्या गल्लीत पूर्ण शुद्धीवर असलेला, आपलं काम मन लावून करणारा हा एकच माणूस. करवत गहाण पडली म्हणजे सुताराची उद्याची मजुरी गेली. भांडं गेलं म्हणजे रात्रीची चूल गेली. गल्ली इथपर्यंत कशी आली ते सगळं त्या दोन वस्तूंत आहे, पायऱ्यांवरच्या बाईत नाही. ज्या माणसाला कर्जाची चटक आणि धास्ती दोन्ही जवळून ठाऊक आहेत त्यालाच करवत काढायचं सुचतं. होगार्थच्या वडिलांनी लॅटिन बोलणाऱ्यांसाठी म्हणून एक कॉफी हाऊस काढलं होतं. ते बुडालं आणि कर्जापायी त्यांना फ्लीटच्या तुरुंगात जावं लागलं. विल्यम तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता.

गहाणवाल्याची खूण म्हणजे तीन गोळे. चित्रात ते असे टांगले आहेत, की मागच्या आकाशात दिसणाऱ्या चर्चच्या शिखराशी त्यांची गल्लत व्हावी. त्या गल्लीचा क्रूस जणू तोच. ते शिखर खरं आहे. ब्लूम्सबरीचं सेंट जॉर्ज चर्च, वास्तुकार निकोलस हॉक्समूर, पायऱ्यापायऱ्यांचं शिखर आणि टोकावर रोमन वेशातला राजा पहिला जॉर्ज. १७५१ मध्ये ते चर्च वीसेक वर्षांचंच होतं. सेंट जाइल्सच्या वस्तीतून उत्तरेला पाहिलं की ते खरोखरच दिसे. राजा आणि देव दोघंही चित्रात आहेत, पण फार मागे आणि फार उंच.

गल्लीत भक्कम उभी असलेली घरं कुणाची, तेही पाहावं. गहाणवाल्याचं, भट्टीवाल्याचं आणि शवपेट्या करणाऱ्याचं. बाकी सगळं ढासळतंय.

आणि कोण नाही? ज्याच्या शेतातलं धान्य भट्टीत गेलं तो नाही. कर गोळा करणारा नाही. १७४७ ची सवलत मंजूर करणारा नाही. चांगल्या कपड्यातला एकही पाहुणा या गल्लीत फिरकलेला नाही. तो चित्राबाहेर उभा आहे, शिलिंग देऊन चित्र हातात धरून. पायऱ्या त्याच्याच दिशेने उतरतात आणि पोर त्याच्याच बाजूला पडतंय. रचना म्हणून हे अफाट आहे. पण त्याच रचनेने एक अन्यायही केला आहे. डोळा पहिल्यांदा जातो तो आईवर आणि दोषही तिथेच जाऊन बसतो. गल्लीत बापही असतीलच, पण कुणाला बाप म्हणून कोरलेलं नाही. त्या काळच्या गाण्यांत आणि पत्रकांत जिनलाच मुळी मॅडम किंवा मदर म्हणत. व्यसनाला बाईचं नाव दिलं की शिक्षा कुणाला करायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

तांब्यावरचं काम

होगार्थने उमेदवारी केली ती चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या एलिस गॅम्बलकडे. सरदारांच्या ताटांवर कुलचिन्हं कोरायची, पुन्हा पुन्हा तीच. त्याला त्याचा कंटाळा होता, पण हात तिथेच तयार झाला. जिन लेनसाठी केलेलं लाल खडूचं रेखाटन न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. त्यावर टोकदार सळीने रेषा दाबून ती पत्र्यावर उतरवलेल्या आहेत आणि छापलेल्या चित्राच्या तुलनेत ते उलटं आहे, आरशातल्यासारखं.

मी विद्यार्थी असताना जस्ताच्या पत्र्यावर एचिंग केलं आहे, म्हणून या उलटेपणाचं मला फार वाटतं. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेषा ओढायची, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा, बुडबुडे पिसाने हलके सारायचे. मग शाई भरायची, जाळीदार कापडाने पुसायची, शेवटी तळहाताने पुसायची आणि ओलसर कागद वर ठेवून दाबयंत्रातून काढायचं. कागद उचलेपर्यंत काय उमटलंय ते कळत नाही. माझी पहिली छाप उचलली तेव्हा त्यावर माझं नाव उलटं उमटलं होतं. होगार्थने त्या पत्र्यावर ‘ग्राइप’ आणि ‘किलमन’ ही नावं, गुत्त्याच्या पाटीच्या तिन्ही ओळी, गाण्याचं नाव, सगळं उलट्या अक्षरांत कोरलं आहे.

आणि मुद्दाम जाड कोरलं आहे. त्याच्या ‘मॅरेज आ ला मोड’ या मालिकेसाठी त्याने फ्रेंच कोरीवकार बोलावले होते, त्या छापांत रेशमी कापड रेशमीच दिसतं. इथे त्याने स्वतः काम केलं, रेषा ठसठशीत ठेवल्या. नाजूक रेषा शे-दोनशे प्रतींनंतर झिजू लागते, खोल रेषा पुष्कळ टिकते. स्वस्त विकायचं तर प्रती भरपूर निघायला हव्यात. जाहिरातीतला ‘स्वस्त’ हा शब्द असा थेट तांब्यात उतरलेला आहे. सोबतच्या ‘क्रूरतेच्या चार अवस्था’ या मालिकेतली दोन चित्रं त्याने आणखी स्वस्त व्हावीत म्हणून लाकडावर कोरून घेतली, पण ते उलट महाग पडलं आणि बेत सोडावा लागला. म्हणजे गरिबापर्यंत पोचायची त्याची धडपड खोटी नव्हती. गरीब लोकांनी ही चित्रं पाहिली असतील ती छापचित्रांच्या दुकानांच्या खिडक्यांत, रस्त्यावर उभं राहून. किंवा दारूच्या दुकानाच्या भिंतीवर.

बिअर स्ट्रीट

जोडचित्राबद्दल थोडक्यात, कारण मला ते कमी प्रतीचं वाटतं. तिथे सगळे गुटगुटीत आहेत, काम संपवून बिअर पिताहेत, कोळणी मासेमारीवरचं गाणं वाचताहेत, चर्चच्या शिखरावर राजाच्या वाढदिवसाचा झेंडा आहे. गहाणवाला पिंच तेवढा भिकेला लागलाय, धनको येतील या भीतीने दाराच्या भोकातून बिअरचा पेला आत घेतोय. पहिल्या छापांत लोहार एका फ्रेंच माणसाला एका हाताने उचलतो. नंतर होगार्थने पत्र्यावरचा तेवढा भाग खरवडून तिथे मटणाचा मोठा तुकडा कोरला. बिअर इंग्लिश, जिन परकी, असा हा सरळ हिशेब. बिअरही बड्या भांडवलदारांच्या कारखान्यांत होत होती आणि मालकांना या चित्राहून चांगली जाहिरात मिळाली नसती. एक माणूस मात्र मनात राहतो. दुकानाची पाटी रंगवणारा चित्रकार. या सुखवस्तू रस्त्यावर त्याचे एकट्याचेच कपडे फाटके आहेत आणि तो जिनच्या बाटलीकडे पाहून तिचं चित्र काढतो आहे, तन्मय होऊन.

पुढे काय झालं

जून १७५१ मध्ये नवा कायदा आला. त्याने कर वाढवला. भट्टीवाल्यांना किरकोळ विक्रीची बंदी केली. परवाना फक्त वर्षाला दहा पौंड किंवा त्याहून जास्त भाड्याच्या जागेत व्यवसाय करणाऱ्यालाच ठेवला, म्हणजे ढकलगाड्या आणि तळघरं कायद्यानेच बाहेर पडली. तुरुंगात आणि वर्कहाऊसमध्ये जिन विकायला मनाई झाली. वीस शिलिंगांखालची दारूची उधारी न्यायालयातून वसूल करता येणार नाही, असंही कलम होतं. मला हे सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं, कारण उधारीवर चालणाऱ्या गुत्त्याची मुळंच त्याने तोडली.

१७५१ मध्ये ७० लाख गॅलनच्या घरात असलेला खप दशकाच्या अखेरीस २० लाखांच्या आसपास आला. याचं श्रेय चित्राला देणं सोपं आहे आणि ते पुष्कळदा दिलं जातं. पण १७५७ मध्ये पीक बुडालं, धान्य महागलं आणि धान्यापासून दारू गाळायलाच बंदी आली. ती १७६० पर्यंत राहिली. जमीनदाराला आता आपलं धान्य खपवायला भट्टीची गरज उरली नव्हती. ज्या कारणाने दारू स्वस्त झाली होती तेच कारण उलटलं आणि ती महाग झाली. माझं मत असं, की चित्राने कायदा घडवला नाही. जो कायदा यायचाच होता त्याला एक चेहरा दिला, आणि तो चेहरा आईचा होता, ग्राइपचा नव्हता.

होगार्थला आया कळत नव्हत्या असं मात्र कुणी म्हणू नये. थॉमस कोरम या निवृत्त जहाज-कप्तानाने टाकलेल्या मुलांसाठी लंडनमध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं, त्याची सनद १७३९ मध्ये मिळाली आणि होगार्थ पहिल्यापासून त्याच्या विश्वस्तांत होता. त्याच वर्षी वर्गणी मागायच्या कागदासाठी त्याने वर एक चित्र काढून दिलं. त्यात एक बाई गुडघ्यांवर आहे, तिच्या हातातला सुरा जमिनीवर पडला आहे, कोरम तिच्याकडे पाहतो आहे आणि पोर वाचलं आहे. बारा वर्षांनी काढलेल्या जिन लेनमध्ये तीच बाई पायऱ्यांवर बसली आहे. पहिलं चित्र देणगी देणाऱ्यांच्या हातात जायचं होतं, दुसरं कायदा करणाऱ्यांच्या. पहिल्यात तिची दया यायला हवी होती, दुसऱ्यात तिची भीती.

होगार्थ आणि त्याची बायको जेन यांना मूल नव्हतं. हॉस्पिटलची काही मुलं त्यांनी चिझिकच्या घरी सांभाळली. हॉस्पिटलने १७४१ च्या मार्चमध्ये मुलं घ्यायला सुरुवात केली तेव्हा पहिल्याच रात्री जागा संपली. पुढच्या वर्षापासून पिशवीतून गोटी काढायची पद्धत आली. आई पिशवीत हात घालायची. पांढरी निघाली तर मूल आत, लाल निघाली तर थांबायचं, काळी निघाली तर मूल घेऊन परत. आत घेतलेल्या मुलाच्या नोंदीच्या कागदाला खूण म्हणून अनेकदा कापडाचा तुकडा टाचत, बहुतेक वेळा मुलाच्याच कपड्यातून कापलेला, म्हणजे कधी आई परत आली तर ओळख पटावी. त्या कागदांचे बाड अजून लंडनच्या अभिलेखागारात आहेत. टाचण्या तशाच आहेत. फुलाफुलांचं छापील सुती कापड, फ्लॅनेल, रिबिनीचं टोक, एखाद्या बाहीची कड, आणि काही तुकड्यांचे रंग अडीचशे वर्षं कागदांत मिटून राहिल्याने अजून जसेच्या तसे ताजे आहेत.